नांगराऐवजी बोया: मालवणच्या प्रवाळासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंगच्या होड्या चालवणाऱ्या आम्हा मुलांचा एक गट आहे. प्रवाळाच्या खडपांवर (पाण्याखालच्या खडकांवर) रोज पडणारे नांगर थांबवायचे आणि होड्या बांधायला पाण्यात पक्के बोये, म्हणजे तळाशी दोराने धरून ठेवलेले तरंगते गोळे, द्यायचे, एवढंच काम आम्ही हाती घेतलं. निवती, विजयदुर्ग किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला कुणाला हेच करायचं असेल तर आमचे पैसे आणि वेळ कुठे गेला ते आधीच कळावं, म्हणून ह्या नोंदी.

२२ सप्टेंबर २०२४

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आलाय. पाणी अजून गढूळ आहे, खाली काही दिसत नाही, म्हणून आज फक्त बैठक. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) मांगरात, म्हणजे जाळी-सामान ठेवायच्या छपरात, बसलो. होडीवाले, स्नॉर्कलिंगचे गाईड, रापण संघातली वडीलधारी मंडळी आणि कांडाळी (पाण्यात उभी सोडलेली, मासे अडकवणारी) जाळी घालणारे, सगळे आले होते.

आपल्या होडीचा नांगर आठ-दहा किलोचा. तो खडपात अडकावा म्हणून त्याला दाते असतात आणि ते प्रवाळातच रुततात. होडी वाऱ्यावर फिरते तेव्हा दोर घासतो. निघताना नांगर सुटला नाही की इंजिन मारून ओढतात आणि खालचा प्रवाळाचा गोळा मुळासकट उलटतो. आपल्याकडे गोळ्यासारखा वाढतो तो पोराइटीस वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. फूटभर उंचीचा गोळा म्हणजे तीसेक वर्षांची वाढ. एका रविवारी असे किती नांगर पडतात हे बैठकीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे प्रवाळ का वाचवायचं ह्यावर फार बोलावं लागलं नाही.

अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणी. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा ३ चौरस किलोमीटरहून थोडा मोठा भाग गाभ्याचा. तेव्हापासून अभयारण्य म्हटलं की मच्छीमारांच्या पोटात गोळा येतो. रापणीचे तात्या सरळ म्हणाले, "आज बोयो घालतास, उद्या थंयच बोर्ड लागतलो, मासेमारी बंद." त्यांची भीती खोटी नाही. पर्ससीन (मोठ्या यांत्रिक होड्यांची घेराची जाळी) आणि एलईडीच्या (रात्री दिवे लावून केलेल्या) मासेमारीने पारंपरिक माणूस आधीच किनाऱ्याला रेटला गेलाय. आता त्याच्या उरलेल्या पाण्यात आणखी कुणी खुणा रोवतो म्हटल्यावर तो विचारणारच.

म्हणून कागद केला. बोये ही हद्द नाही, ते फक्त होडी बांधायला आहेत, आणि त्यांची जागा रापणवाले आणि कांडाळीवाले ठरवतील. आम्ही सुचवलेल्या पाचपैकी दोन जागा त्यांनी त्याच बैठकीत खोडल्या, कारण तिथून रापण ओढली जाते. तीन उरल्या. सह्या झाल्या. ह्या एका कागदाने पुढे आम्हाला जेवढं तारलं तेवढं कुठल्याही सामानाने तारलं नाही. तुम्ही सुरुवात करणार असाल तर सिमेंटच्या आधी हा कागद करा.

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला. वनविभागाची लेखी परवानगी हातात आली. अर्ज फेब्रुवारीत दिला होता, म्हणजे आठ महिने धरून चाला. अभयारण्यात समुद्राच्या तळाशी काहीही ठेवायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. बंदर खात्याला वेगळं पत्र, कारण बोया म्हणजे होड्यांच्या वाटेतली वस्तू. अर्जाला जागेचे अक्षांश-रेखांश, ओहोटीची खोली आणि तळाचे फोटो जोडले. फोटो आदल्या डिसेंबरात काढून ठेवले नसते तर आणखी एक वर्ष गेलं असतं.

गाईड मुलांना आज पुन्हा बजावलं. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. पर्यटकाला आठवण म्हणून तर नाहीच, आणि जागेवर परत चिकटवायलाही परवानगीशिवाय नाही.

बोया तळाशी कशाने धरून ठेवायचा, ह्यावर बरीच चर्चा झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोला जॉन हॅलस ह्यांनी १९८१ साली खडकात भोक पाडून स्टीलचा आकडा सिमेंटने बसवायची पद्धत काढली. ती आज जगभर वापरतात, तळाचं नुकसान सगळ्यात कमी. पण त्याला पाण्याखाली चालणारं ड्रिल आणि ते हाताळणारा माणूस लागतो, आणि खडपात भोक पाडण्याची परवानगी आम्ही मागितलेली नव्हती. आपल्या खडपांच्या मध्ये वाळूचे पट्टे आहेत. त्या वाळूत सिमेंटचे ठोकळे बसवायचं ठरलं.

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज काल झाली, आज ठोकळे ओतले. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर जाड. वजन सव्वा टनाच्या जवळ. पाण्यात मात्र तो तेवढा राहत नाही. स्वतःच्या आकारमानाएवढ्या समुद्राच्या पाण्याचं वजन वजा होतं, म्हणून खाली धरून ठेवायला मिळतात जेमतेम सातशे किलो. हा हिशोब आधी केला नाही तर ठोकळा छोटा होतो आणि पहिल्याच वाऱ्यात फरफटतो. गाडीच्या टायरमध्ये सिमेंट भरून केलेले बोये लोकांनी वापरलेले आम्ही पाहिलेत. ते दर मोसमात जागा बदलतात आणि बदलताना खाली जे असेल ते दळत जातात.

मिश्रण नेहमीच्या स्लॅबपेक्षा घट्ट घेतलं, एका ठोकळ्याला पाच गोण्या सिमेंट. आतली सळी कडेपासून तीन इंच आत ठेवली, नाहीतर खारं पाणी सळीपर्यंत पोचतं आणि ठोकळा फुटतो. वर पकडायला पंचवीस मिलिमीटर सळईची कडी, जस्ताचा गरम मुलामा दिलेली. मुलामा देण्यासाठी कड्या बाहेर पाठवाव्या लागल्या, त्यात पंधरवडा गेला. वाळू खाडीची नको, नदीची घ्या, आणि पाणी विहिरीचं.

साच्याखाली माडाचे ओंडके आडवे टाकून ठेवले होते. ही सूचना रापणीच्या तात्यांची. होडी वर घेताना आपण जे करतो तेच. एका ठोकळ्याचा खर्च मजुरी धरून सात हजारांच्या आसपास आला.

१५ डिसेंबर २०२४

पौर्णिमेचं उधाण. महिनाभर गोणपाट ओलं ठेवून ठोकळे पिकवले, आज ते पाण्यात न्यायचे होते. पहाटेच्या ओहोटीला रापणीचे लोक जमले, बायकासुद्धा दोराला लागल्या. सव्वा टनाचा ठोकळा ओंडक्यांवरून सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, रेषेपर्यंत गेला तेव्हा क्रेन आणायचा विचार आपण का केला होता असं वाटलं. क्रेनवाल्याने भाडं सांगितलं होतं, शिवाय त्याची चाकं पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) रुतली असती ती वेगळीच.

ठोकळ्याच्या चारी बाजूंना दोनशे लिटरचे प्लास्टिकचे पिंप बांधले आणि भरतीची वाट पाहिली. दुपारी ठोकळा अलगद उचलला गेला. दोन होड्यांनी ओढत जागेवर नेला. इथवर सगळं ठीक.

पिंपांची बुचं थोडी थोडी सैल करून ठोकळा हळूहळू खाली सोडायचा बेत होता. एका पिंपात पाणी आधी भरलं, ठोकळा तिरका झाला, उरलेल्या पिंपांचे दोर ताणले जाऊन एक तुटला आणि ठोकळा सरळ तळाला गेला. ठरलेल्या जागेपासून काही हात लांब, वाळूतच पडला. शेजारी पानांच्या थरासारखा पसरणारा टर्बिनारिया आहे, त्याच्यापासून जेमतेम दीड मीटरवर. पाण्यात त्या वेळी कुणी नव्हतं, कारण ठोकळा सोडताना खाली माणूस असू नये हे आधीच ठरलं होतं. तो नियम पाळला हे फार बरं झालं.

उरलेले दोन ठोकळे आज सोडले नाहीत.

१६ डिसेंबर २०२४

गॅरेजमधून दोन टनाची चेन पुली भाड्याने आणली, सहा मीटर साखळीवाली. सहा पिंपांवर दोन जाड वासे आडवे बांधून तराफा केला आणि मधोमध पुलीला ठोकळा टांगला. पिंप वरच राहिले, ठोकळा हाताने साखळी ओढत इंच-इंच खाली गेला. टेकायच्या आधी वर थांबवून पाण्यात डोकं घालून जागा बघता आली, तराफा थोडा सरकवता आला. दोन्ही ठोकळे जिथे हवे तिथे बसले. पुलीचं भाडं दिवसाचं आठशे. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं असं सगळ्यांनाच वाटतंय. पिंपात पाणी भरून ठोकळा सोडायची पद्धत कुणीही वापरू नये.

२३ डिसेंबर २०२४

भांगाचे दिवस (भरती-ओहोटी कमी असते ते), पाणी साफ. ठोकळे पाहायला खाली गेलो.

ठोकळ्यापासून बोयापर्यंत आम्ही सगळी साखळीच लावली होती. साखळी कापली जात नाही, टिकते, म्हणून. पण ओहोटीला पाणी उतरलं की साखळी ढिली पडते, तिचा खालचा भाग तळाला लोळतो आणि होडी फिरेल तशी ती वाळूवर गोल झाडू मारते. पहिल्या ठोकळ्याभोवती तसं गोल मैदान झालेलंच होतं. तो जागेवरून ढळून पडला होता, त्यामुळे साखळीचा घेर टर्बिनारियाच्या कडेपर्यंत पोचला आणि त्याची दोन पानं घासून पांढरी पडली. शिवाय उडणारा गाळ. आपलं पाणी आधीच गढूळ, इथलं प्रवाळ गाळ सोसत कसंबसं जगतं. त्याच्या डोक्यावर रोज नवा गाळ बसवायचा म्हणजे नांगरापेक्षा वेगळं काय केलं?

लगेच बदल केला. खाली फक्त दीड मीटर साखळी, तिच्या वर चोवीस मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर. हा दोर तरंगतो, नायलॉनसारखा बुडत नाही. साखळी जिथे संपते तिथे जाळ्याचे दोन मोठे फ्लोट बांधले. आता पाणी कितीही उतरलं तरी साखळी उभीच राहते, तळाला काहीच लागत नाही. पहिला ठोकळा चेन पुलीने उचलून मूळ जागी नेला.

तुम्ही करणार असाल तर एकच पाहा, पूर्ण ओहोटीला दोराचा कुठलाही भाग तळाला टेकता कामा नये. बाकीचं सगळं दुरुस्त करता येतं.

२ जानेवारी २०२५

नाताळ ते एक तारीख, मालवणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोये वापरले गेले, नांगर पडले नाहीत. पण बोयाला होडी बांधण्यासाठी सोडलेला लांब दोर पाण्यावर तरंगतो आणि तो कुणाच्या ना कुणाच्या पंख्यात जातो. दोन बोयांचे दोर असेच कापले गेले. आता हा वरचा दोर आखूड केला, टोकाला फास, आणि मध्ये शिशाचं वजन घातलं, म्हणजे तो बोयाच्या खालीच लोंबतो. होडीवाल्याला आकडीने उचलावा लागतो, पण पंख्यात जात नाही.

एका बोयाचा शॅकल (दोर-साखळी जोडायची पिनवाली कडी) उघडला गेला. पिन घट्ट होती, पण लाटांच्या हिसक्याने फिरत फिरत निघाली. बोया देवबागच्या रापणीत सापडला आणि त्यांनी फोन करून परत दिला. तेव्हापासून प्रत्येक पिनच्या भोकातून तार ओवून शॅकलला पिरगाळून बांधतो. तार स्टीलची घेऊ नका. शॅकल जस्ताचा आणि तार स्टीलची असली की खाऱ्या पाण्यात जस्त झपाट्याने खाल्लं जातं. जस्ताचीच तार घ्या आणि महिन्याला बदला.

२७ जानेवारी २०२५

सव्वीस जानेवारी रविवारी आली, जोडून सुट्ट्या. दुपारचे खारे वारे सुरू झाले तेव्हा मधल्या बोयाला चार होड्या एकापाठी एक बांधलेल्या होत्या. आज खाली जाऊन पाहिलं, ठोकळा वीतभर सरकलाय.

बैठक घेतली. एका बोयाला दोनच होड्या आणि दुपारी वारा वाढला की एकच. हे सगळ्यांना पटलं, पण मग बाकीच्यांनी करायचं काय? एक होडीवाले काका उभे राहून म्हणाले, "नांगर टाकूचो नाय, बोयार जागा नाय, तर होडी बांधूची खंय?" त्यांचं बरोबर होतं. त्यावर ठरलं की पाळ्या लावायच्या. एका होडीने पाऊण तासाच्या वर थांबायचं नाही, आणि पाळी न आलेली होडी बाहेर वाळूवर, जिथे प्रवाळ नाही तिथे नांगर टाकून वाट पाहील. वाळूचे ते पट्टे गाईड मुलांनी किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून सगळ्यांना दाखवले. हे आधीच दाखवलं असतं तर निम्मे नांगर बोयांशिवायच टळले असते. खडप कुठे संपतं आणि वाळू कुठे सुरू होते हे वरून दिसत नाही, म्हणून लोक अंदाजाने नांगर टाकत होते. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

९ फेब्रुवारी २०२५

रात्री घातलेलं एक कांडाळी जाळं उत्तरेच्या बोयाच्या दोराला अडकलं. जाळं ज्यांचं, ते काका सकाळी मांगरात आले. भांडायला नाही, पण जाळ्याचा मोठा तुकडा गेला होता आणि ते त्यांच्या पोटाचं साधन आहे. सप्टेंबरच्या कागदात नुकसानभरपाईचं कलम होतं. गटाच्या पैशातून जाळ्याची किंमत त्याच दिवशी दिली. मग काकाच म्हणाले की हा बोया आणखी दहा वाव (साधारण साठ फूट) किल्ल्याच्या बाजूला घ्या, तिकडून प्रवाह वेगळा जातो आणि जाळं वाहत येणार नाही. तसं केलं. बोयांना रात्री टॉर्चमध्ये चमकणारी पट्टीही लावली.

जाळ्याचा उरलेला भाग खडपात गुंतला होता. हे काम नाजूक आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अडकलेलं जाळं वरून होडीने कधीही ओढायचं नाही. नायलॉनचा बारीक धागा प्रवाळाच्या खाचेत बसलेला असतो, ओढला की तो प्रवाळ कापतच बाहेर येतो. दोघे पाणबुडे खाली, हातात बोथट टोकाच्या कात्र्या. आधी जाळ्याची मोकळी बाजू गुंडाळून पिशवीत भरायची, म्हणजे ती हलून आणखी अडकत नाही. मग प्रवाळाजवळचे धागे एकेक कापायचे. जिथे प्रवाळ धाग्यावर चढून वाढलं आहे तिथला धागा सोडून द्यायचा. तो निघत नाही आणि काढताना जे तुटतं ते परत येत नाही. जाळ्यात जिवंत खेकडे आणि मासे असतात, त्यांना तिथेच सोडवायचं. हाताने तळाला धरायचं नाही, पोट तळाला टेकवायचं नाही. ज्याला पाण्यात तरंगत स्थिर राहता येत नाही त्याने ह्या कामाला उतरू नये, मग त्याची इच्छा कितीही असो. आमच्यातल्या काही मुलांनी तारकर्लीच्या स्कुबा प्रशिक्षण केंद्रात शिकलेलं आहे, त्यांनाच खाली पाठवतो.

१६ मार्च २०२५

शिमगा झाला. आज हिशोब मांडला.

एका बोयामागे ठोकळा, साखळी, दोर, शॅकल, फ्लोट आणि बोया मिळून वीस-बावीस हजार. बोये आम्ही आधी पस्तीस लिटरच्या रिकाम्या कॅनचे केले होते. उन्हाने ते दोन महिन्यांत तडकले. थर्मोकोल आम्ही वापरलंच नाही, त्याचे कण माशांच्या पोटात जातात. शेवटी कठीण प्लास्टिकचे तयार बोये घेतले, प्रत्येकी सहा हजारांच्या आसपास. हे जास्त वाटतात, पण कॅन तीनदा बदलण्याचा खर्च आणि त्यापायी फुकट गेलेला दिवस धरला तर स्वस्तच.

उभारणीचा हा खर्च एकदाच. खरा प्रश्न पुढच्या रोजच्या कामाचा आहे. दोरावर दोन-तीन आठवड्यांत बार्नेकल आणि कालवं चढतात. त्यांच्या धारेने दोर आतून कापला जातो आणि वजनाने बोया बुडायला लागतो. दर पंधरवड्याला भांगाच्या दिवसांत कुणीतरी उतरून दोर खरवडायला हवा, तार तपासायला हवी. हे काम कुणाचं?

आधी ते आम्ही चौघे-पाचजण करत होतो आणि फेब्रुवारीपर्यंत थकलो. आता बोया वापरणारी प्रत्येक होडी चालत्या दिवसाचे पन्नास रुपये देते, आणि ज्यांची पाळी असेल त्यांच्यातला एकजण दोर खरवडायला येतो. पैसे देतो पण येणार नाही, असं चालत नाही. ह्यावर वाद झाला, पण मी ह्या मताचा आहे आणि ते इथे स्पष्ट लिहितो. ज्याने स्वतः खाली उतरून दोर खरवडला तो पुन्हा प्रवाळावर नांगर टाकत नाही. आमच्याकडचे दोघे, जे सुरुवातीला बोयांना विरोध करत होते, आज दुसऱ्यांचे नांगर अडवतात. मजूर लावून हे काम करून घेतलं असतं तर दोर साफ झाले असते, माणसं जोडली गेली नसती. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात. कांदळवन राहिलं तर होडी चालेल हे त्यांच्या हिशोबातच आहे. आमचंही तसंच व्हायला हवं.

पावाचं अजून सुटलेलं नाही. पर्यटकाचा फोटो चांगला यावा म्हणून गाईड पाण्यात पाव टाकतो, मासे झुंबड करतात. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाकडे वळले तर खाली शेवाळ माजतं. आम्ही थांबवलंय, पण ज्या होडीवर पाव मिळतो तिकडे गिऱ्हाईक जातं असं पोरं सांगतात. तोवर निदान प्रवाळावर उभं राहायचं नाही एवढं प्रत्येक पर्यटकाला होडीत बसल्यावरच सांगतो, पाण्यात उतरल्यावर नाही. उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

२० एप्रिल २०२५

पाणी तापलंय. तीस अंशांच्या वर. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या आतलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. गेल्या वर्षी १५ एप्रिलला जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर झालं आणि लक्षद्वीपला त्याचा फार मोठा फटका बसला. म्हणून ह्या वर्षी आम्ही रंगाची नोंद ठेवतोय.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगांचा तक्ता वापरतो. त्यावर एक ते सहा अशा छटा आहेत. प्रवाळाला हात न लावता तक्ता शेजारी धरायचा आणि सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद जागेचे आकडे लिहायचे. हे कुणालाही जमतं. तक्ता घरच्या प्रिंटरवर छापू नका, रंग बदलतात आणि नोंद फुकट जाते. शक्यतो एकाच वेळी, एकाच माणसाने, त्याच गोळ्यांची नोंद घ्यावी.

काही पोराइटीस फिकट दिसतायत, पूर्ण पांढरं काही नाही. फिकट पडलेल्या खडपावरचा बोया मे महिन्यापर्यंत बंद ठेवायचं ठरवलं. तापाने थकलेल्या प्रवाळावर पायांचा आणि गाळाचा भार नको. त्या बोयाच्या पाळीतल्या होड्यांनी हे ऐकलं, ऐन मे महिन्याच्या तोंडावर. त्यांची रोजची कमाई त्यात बुडते हे लक्षात घेऊन त्यांना दुसऱ्या बोयांवर आधीच्या पाळ्या दिल्या.

२६ मे २०२५

पावसाळ्याआधी बोये, वरचे दोर आणि फ्लोट काढून ठेवायचे आणि ठोकळे व साखळीचा तुकडा तेवढा खाली सोडायचा, हे आधीपासून ठरलेलं. तारीख २५ मे धरली होती. पण २२ तारखेला कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र झालं, २४ ला ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आलं, आणि काल मान्सूनच सिंधुदुर्गात दाखल झाला. इतक्या लवकर इतक्या वर्षांत आला नव्हता.

२१ ला आकाश पाहून दोन बोये काढले. तिसऱ्याला जाता आलं नाही. तो गेला. दोर तुटला असेल तर निदान ठोकळा जागेवर असेल. साखळीवर पूर्ण बोया ओढत राहिला असेल तर काय झालं असेल ते समुद्र शांत झाल्यावरच कळेल.

१४ ऑक्टोबर २०२५

महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा वादळी वारे होते, म्हणून आजवर थांबलो. भांगाचं पाणी, दिसत होतं बऱ्यापैकी. ठोकळे शोधायला जीपीएसपेक्षा खुणा कामी आल्या. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरावरचं झाड, बंदराचा दिवा आणि देवळाचं शिखर, अशा दोन जोड्या जुळल्या की ठोकळा खाली. त्या खुणा रापणीच्या तात्यांनी डिसेंबरातच लावून दिल्या होत्या.

दोन ठोकळे वाळूत अर्धे रुतलेत, हे चांगलं, आता सरकणार नाहीत. तिसऱ्याचा दोर फ्लोटच्या वर तुटलेला, ठोकळा जागेवर, आजूबाजूचं खडप शाबूत. साखळ्यांच्या वरच्या कड्या निम्म्या झिजल्यात, तिन्ही बदलाव्या लागतील. टर्बिनारियाच्या घासलेल्या दोन पानांपैकी एकाच्या कडेला नवी वाढ दिसली. दुसऱ्यावर शेवाळ चढलंय.

एक नवा बोया आणि साखळीचे तीन तुकडे मागवलेत. बोये काढायची तारीख १० मे केली, त्यानंतर कितीही गर्दी असो. पाळ्यांच्या यादीत ह्या वर्षी नवीन होड्या आल्यात, त्यांच्या मालकांना घेऊन रविवारी वाळूचे पट्टे दाखवायला जायचं आहे.